न उतरणारी बॅटरी

वर्तकनगर, ठाणे
१२ नोव्हेंबर २०२४

आत्या,

नमस्कार. तुला फोन केला की तू म्हणतेस, ‘फोनवर तू नुसतं हो हो करतोस, काय अडलंय ते लिहून पाठव.’ म्हणून लिहितोय. मेलवरसुद्धा वर गाव आणि तारीख टाकायची हा तुझा हट्टही पाळलाय, बघ.

जूनपासून मी शीळफाट्याच्या कंपनीत लागलोय हे तुला माहितीये. आम्ही लिफ्टचे बॅकअप बनवतो. लाइट गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकते ना, तेव्हा आमचा डबा बॅटरीवर मोटर फिरवतो आणि लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून सोडतो. नवीन डब्याचं सर्किट माझ्याकडे दिलंय. स्वानंद सर, म्हणजे आमचे मालकच, म्हणाले बोर्ड बनवायच्या आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून दाखव. सॉफ्टवेअरमध्ये सर्किट काढायचं, रन दाबायचं, की कुठे किती व्होल्ट येतात त्याचा ग्राफ येतो. येतो म्हणजे यायला पाहिजे. माझा येतच नाही, नुसत्या एरर. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, मित्राच्या लॅपटॉपवर चालवून बघितलं, काही फरक नाही. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्याचाच लोचा असणार.

तू एवढी वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात टेस्टिंगला होतीस, नंतर कॉलेजच्या पोरांना लॅब शिकवलीस. सर्किटचा फोटो जोडलाय, जरा बघशील का? मी अजून कॉन्ट्रॅक्टवर आहे. हे जमलं तर जानेवारीत परमनंट करतील, असं सर स्वतः बोललेत. आणि पप्पांनी आख्ख्या कॉलनीत सांगून ठेवलंय की पोरगा लिफ्टचं मशीन बनवतो.

तुझा
संदेश

डोंबिवली पूर्व
१४ नोव्हेंबर २०२४

संदेशराव,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

फोटो मिळाला. तिरका, त्यावर पंख्याची सावली, आणि कोपऱ्यात तुझ्या चहाचा ग्लास. स्क्रीनचा फोटो मोबाइलने काढायचा, हे तुला कोणत्या कॉलेजात शिकवलं रे? तरी मान वाकडी करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

ग्राउंड कुठे आहे?

बाकी सगळं आहे तुझ्या चित्रात. बॅटरी आहे, मोटर आहे, ट्रान्झिस्टर तर मूठमूठ पेरलेत. फक्त ग्राउंड नाही. अरे दिवट्या, व्होल्टेज म्हणजे दोन जागांमधला फरक. किती व्होल्ट असं विचारलं की कुठून मोजून, हे आधी सांगावं लागतं. ज्या जागेला शून्य धरायचं ती जागा म्हणजे ग्राउंड. शून्य कुठे तेच तू सांगितलं नाहीस, तर ते बापडं सॉफ्टवेअर मोजणार कुठून? पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवायचे. मागच्या बाकावर बसून वडापाव खाणाऱ्यांनासुद्धा समजायचं. तू पदवी घेतलीस, फेटा बांधून फोटो काढलास, दादाने तो हॉलमध्ये लावला, आणि तुला ग्राउंड माहीत नाही.

वर खापर कुणावर, तर सॉफ्टवेअरवर! ज्या लोकांनी ते बनवून फुकट दिलं त्यांना तुझा हा ग्लासवाला फोटो दाखवायला पाहिजे.

ग्राउंड लाव आणि पुन्हा चालव. यापुढे मला फोटो नको, फाइल पाठव. इथे माझ्या कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर आहे.

नंदाआत्या

वर्तकनगर, ठाणे
२० नोव्हेंबर २०२४

आत्या,

मानलं तुला. ग्राउंड लावल्यावर लगेच चालू झालं. लाज वाटली मला, पण खरं सांगतो, ऑफिसात कोणालाच दिसलं नव्हतं. सरांनासुद्धा. ते पण डोकं खाजवून गेलेले.

आता नवीन नाटक. ग्राफ मस्त पळतो, आणि मोटर बंद करायची वेळ आली की तिथेच अडकतो. ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ अशी एरर येते आणि खेळ खलास. इंटरनेटवर बघितलं तर एक म्हणतो ही सेटिंग सैल कर, दुसरा म्हणतो ती सैल कर. सर रोज विचारतात, एका ग्राफला एवढे दिवस लागतात का म्हणून. मला तर वाटतं हे सॉफ्टवेअर मुद्दाम माझी फिरकी घेतंय.

फाइल जोडलीये. या वेळी चहाचा ग्लास नाही.

संदेश

डोंबिवली पूर्व
२३ नोव्हेंबर २०२४

संदेश,

तुझी फाइल उघडली आणि त्यापायी कणीक तशीच वाळत राहिली. तुझे आतोबा ब्रेड खाऊन झोपले, तुला दुवा देत.

सॉफ्टवेअर तुझी फिरकी घेत नाहीये. ते तुझ्यापेक्षा प्रामाणिक आहे. मोटर म्हणजे तारेची गुंडाळी. तिच्यातून वाहणारा करंट स्विच बंद केला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, तो पुढे रेटत राहतो. त्याला जायला तू वाटच ठेवलेली नाहीस. मग व्होल्टेज चढत जातं, हजारांत जातं. सॉफ्टवेअर ते गणित सोडवायला वेळेचे तुकडे बारीक बारीक करत जातं आणि शेवटी म्हणतं, बाबा रे, मला जमत नाही. खऱ्या बोर्डावर असं सांगणारं कुणी नसतं. तिथे ट्रान्झिस्टर फटकन फुटतो आणि खोलीभर घाण वास सुटतो. मोटरला डायोड लाव, म्हणजे त्या करंटला फिरून यायला रस्ता मिळेल. तुला एररचा राग आला. मला तुझ्या त्या स्वानंद सरांचा आला. मालक म्हणून मिरवतात आणि मोटरला डायोड लागतो हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

आणि त्या सेटिंगा. त्यांना हात लावायचा नाही. सेटिंग सैल करायची म्हणजे ‘गणित थोडं चुकलं तरी चालेल’ असं सॉफ्टवेअरला सांगायचं. आपलं चुकलेलं सुधारायचं सोडून मास्तरांनाच चष्मा काढून ठेवायला सांगण्यातला प्रकार आहे हा. एरर घालवायची नसते, ती का आली ते शोधायचं असतं. हे वाक्य तुझ्या त्या फेट्यावाल्या फोटोखाली लिहून ठेव.

नंदाआत्या

वर्तकनगर, ठाणे
१८ डिसेंबर २०२४

आत्या,

बरेच दिवस लिहिलं नाही, सॉरी. कामात होतो. तुझा डायोड लावला, मग अजून दोन-तीन ठिकाणी अडकलं, पण आता सगळं सॉल्व्ह झालंय. एक पण एरर नाही! ग्राफ जोडलाय, बघ कसा लोण्यासारखा आलाय. सर जाम खूश. बोर्डसुद्धा बनून आले.

आणि आता खरी बातमी. पहिला डबा कुठे बसवणार, ओळख. तुमच्याच सोसायटीत! तू नेहमी सांगतेस ना, तुमची जुनी जाळीच्या दरवाज्याची लिफ्ट लाइट गेली की अडकते म्हणून? सरांना एक जागा पाहिजेच होती, मी तुझं नाव सांगितलं. तुमच्या सेक्रेटरींशी, गोविंदा भाऊंशी, बोलून झालंय. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं की डेमो. लिफ्ट वर जाताना मुद्दाम लाइट घालवायची आणि लिफ्ट आपोआप मजल्यावर येते ते सगळ्यांना दाखवायचं. पप्पा तर सगळ्यांना सांगत सुटलेत की नंदाच्या बिल्डिंगमध्ये माझ्या पोराचं मशीन लागतंय.

या वेळी तरी शाबास म्हण.

संदेश

डोंबिवली पूर्व
२१ डिसेंबर २०२४

संदेश,

शाबासकी बाजूला काढून ठेवली आहे, दिली नाही.

गोविंदाने कालच जिन्यात अडवून सांगितलं. छाती अशी फुगवून, जसं काही लिफ्ट त्यानेच खांद्यावर उचलून आणणार आहे. बॅनर छापायला टाकलाय म्हणे. बॅनरवर त्याचा फोटो मोठा, स्वानंदचा मध्यम, आणि तुझं नाव खाली बारीक. सत्यनारायणाच्या प्रसादाची जबाबदारी बायकांवर. ज्या सोसायटीला गच्चीची गळती थांबवता येत नाही तिने नव्या तंत्रज्ञानाचं उद्घाटन करायचं, म्हणजे कमालच.

पण ते राहू दे. तुझा लोण्यासारखा ग्राफ मी पुन्हा पुन्हा पाहिला. मला एक सांग, मोटर सुरू होते त्या क्षणी बॅटरीची रेघ जराही खाली का येत नाही? घरच्या इन्व्हर्टरवर मिक्सर लावला तर दिवा मिणमिणतो. लिफ्टची मोटर म्हणजे मिक्सर नव्हे. तिने जोर मारला की बॅटरी दबलीच पाहिजे. तुझी बॅटरी पट्टीने रेघ मारल्यासारखी सरळ आहे. मोटर सुरू झाली हे तिला कुणी सांगितलंच नाही, असं दिसतंय.

‘अजून दोन-तीन ठिकाणी अडकलं’ म्हणतोस, ते कसं सोडवलंस तेही तू लिहिलेलं नाहीस. मला ग्राफ नको, फाइल हवी. पाठव.

नंदाआत्या

वर्तकनगर, ठाणे
५ जानेवारी २०२५

आत्या,

हॅप्पी न्यू इयर. तुझा मेल आलेला, पण वर्षअखेरच्या गडबडीत राहून गेलं. खरं म्हणजे फाइल बाहेर द्यायची नसते, तरी पाठवतोय. कोणाला दाखवू नकोस.

सांगतोच आता. डायोड लावून पण पुढे अडकत होतं. सर म्हणाले, अरे एवढं कशाला, आपली ऑफिसची फाइल घे ना. त्यांची एक तयार फाइल आहे, आमच्याकडे सगळे त्यातच सर्किट टाकतात. सेटिंग, बॅटरी, सगळं आधीच भरलेलं असतं आणि त्यात एरर येतच नाही. एरर नाही आली की सर्किट पास, अशी आमच्याकडे पद्धत आहे. आजपर्यंतची सगळी प्रॉडक्ट अशीच पास झालीयेत. बोर्ड टेबलवर छोटी मोटर लावून चालवून पण बघितला, चालला. खऱ्या लिफ्टच्या लोडवर टेस्ट काय, बसवल्यावर होतेच.

उगाच टेन्शन घेऊ नकोस.

संदेश

डोंबिवली पूर्व
७ जानेवारी २०२५

संदेश,

मी हसले. तुझे आतोबा आतून धावत आले, काय झालं म्हणून. मग मला रडू यायला लागलं, तेव्हा ते परत आत गेले.

तुमच्या त्या पवित्र फाइलमध्ये काय आहे ते तरी उघडून बघितलंस का रे कधी? दोन गोष्टी आहेत. एक, चूक किती चालेल ती सेटिंग. मुळात हजारात एकाची चूक चालते. तुमच्या मालकाने ती दहात एक करून ठेवली आहे. म्हणजे सॉफ्टवेअरने काहीही ठोकून दिलं तरी ते बरोबरच. एरर येणार कुठून? ज्या पोराला पस्तीसच्या जागी तीन मार्कांना पास करायचं ठरवलंय ते नापास कसं होईल? आणि तुम्ही सगळे टाय बांधून त्या निकालाचे पेढे वाटताय.

दुसरी, बॅटरी. ती बॅटरीच नाही. ती चोवीस व्होल्ट देते, आणि कितीही करंट मागा, चोवीसच देत राहते. दबत नाही, तापत नाही, जुनी होत नाही, उतरत नाही. अशी बॅटरी शीळफाट्याला मिळत असेल तर मलाही एक आण, देव्हाऱ्यात ठेवते.

आता खरं काय होईल ते ऐक. लाइट जाईल. तुझा डबा मोटरला जोर लावेल. बॅटरी दबेल. तुझंच सर्किट म्हणेल बॅटरी संपली, आणि मोटरची वीज तोडेल. वीज तुटली की बॅटरी पुन्हा वर येईल, सर्किट पुन्हा जोर लावेल, पुन्हा तुटेल. लिफ्ट गचके खात दोन मजल्यांच्या मधे नाचत राहील आणि शेवटी काहीतरी जळेल. खरी बॅटरी टाकून आणि सेटिंग मूळ जागी आणून तूच चालवून बघ. मी चालवलंय.

हे दुरुस्त होणारं आहे. पण दुरुस्त होईपर्यंत टेस्टच्या कागदावर सही करायची नाही. समजलं?

नंदाआत्या

वर्तकनगर, ठाणे
१० जानेवारी २०२५

आत्या,

सही मी डिसेंबरातच केलीये. डबा तुमच्याकडे बसवायला त्याच सहीवर निघाला.

आता तू ऐक. तू नोकरी सोडून जमाना झाला. तुमच्या कारखान्यात सरकारी आरामात एक फोन दोन दोन दिवस तपासत बसायचे तुम्ही लोक. इथे तसं चालत नाही. सगळे हेच करतात. स्वानंद सरांनी स्वतःच्या हिमतीवर कंपनी उभी केलीये, तू घरात बसून त्यांना अक्कल शिकवतेस. त्यांना आता जाऊन सांगू की माझी आत्या म्हणते तुमची फाइल चुकीची आहे? मला तिथेच बाहेर काढतील. एकतीसला माझं परमनंटचं लेटर येतंय.

लहानपणापासून हेच बघतोय. मी चित्र काढलं तर तू म्हणायचीस झाड वाकडं आहे. पप्पा म्हणतात ते काय खोटं नाही, नंदाला दुसऱ्याचं चांगलं चाललेलं बघवत नाही. एकदा, आत्या, फक्त एकदा ‘बरं केलंस’ म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं?

नवीन बॅटरी लावणार आहेत. डेमोला काही होत नाही.

संदेश

डोंबिवली पूर्व
१६ जानेवारी २०२५

संदेश,

झाड वाकडंच होतं.

दादाचं वाक्य मला पोचतं केलंस, आभारी आहे. ते त्याने मला तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते. तुझ्या पत्रातून वाचलं म्हणून नुसतं लागलं.

आता आमच्या सरकारी आरामाची एक पद्धत सांगते. आमच्या टेस्टिंगमध्ये ज्याने यंत्र पास केलं त्यानेच ते पहिल्यांदा वापरून दाखवायचं, सगळ्यांच्या देखत. शॉक बसला तर त्यालाच. लोक म्हणूनच दोन दोन दिवस तपासत बसायचे. तुमच्याकडे ही पद्धत नाही हे मी ताडलं आहे. स्वानंदने गोविंदाला आधीच कळवलंय की डेमोच्या वेळी तो स्वतः खाली मेन स्विचपाशी थांबणार.

पहिल्या खेपेला लिफ्टमध्ये कोण चढणार यावरून कमिटीत चर्चा झाली. चौथ्या मजल्यावरच्या शांताबाई पुढे होत्या, गुडघ्यांमुळे त्या महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पुढच्या खेपेला. पहिल्या खेपेला मी चढते, माझ्या भाच्याची सही आहे. गोविंदाने टाळ्या वाजवल्या. तोही चढणार आहे, बॅनरवरचा फोटो पुरला नाही म्हणून.

डबा मला कमिटीपुढे बंद पाडता आला असता. मी ते करणार नाही. सही तुझी आहे. ती खरी की खोटी हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तू खरी म्हणतोस, म्हणून मी चढते.

यावर फोन करायचा नाही.

नंदा

वर्तकनगर, ठाणे
२६ जानेवारी २०२५, सकाळ

आत्या,

फोन लावतोय, तू उचलत नाहीस. गोविंदा भाऊ पण उचलत नाहीत, झेंडावंदन चालू असेल. म्हणून लिहितोय. लिफ्टमध्ये चढू नकोस. प्लीज चढू नकोस.

तुझं पत्र आल्यावर आधी डोकं फिरलेलं माझं. मग ऑफिसात सगळे गेल्यावर खरी बॅटरी टाकली, सेटिंग जाग्यावर आणली आणि चालवलं. तू लिहिलेलंस तसंच्या तसं. जोर, तुटली, जोर, तुटली. सरांना दाखवलं तर म्हणाले, हे कोणी करायला सांगितलं तुला? म्हटलं डेमो पुढे ढकला, मी करतो दुरुस्त. ते म्हणाले बॅनर लागलेत. काल परत सांगितलं, मग मी सही मागे घेतली. लेखी दिलं की हे सर्किट मी चुकीच्या फाइलवर पास केलं, चूक माझी आहे आणि डबा वापरू नका. सरांनी आयकार्ड काढून घेतलं. म्हणाले सोमवारपासून यायचं नाही.

मला वाटलेलं ते डेमो तरी रद्द करतील. आता कळलं की करत नाहीयेत.

मी येत नाहीये. सगळ्यांसमोर उभं राहायची माझी हिंमत होत नाही. तू फक्त चढू नकोस. शांताबाईंना पण चढू देऊ नकोस.

संदेश

डोंबिवली पूर्व
२७ जानेवारी २०२५

संदेश,

तुझं पत्र मला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे मिळालं.

झेंडा झाला, भाषण झालं. गोविंदा जाकीट घालून बोलायला उभा राहिला म्हणजे खाली बसत नाही. फोन मी पर्समध्ये मुका करून ठेवला होता. मग लिफ्टमध्ये मी, गोविंदा आणि त्याच्या हातात नारळ. दुसरा मजला ओलांडला आणि खालून स्वानंदने स्विच ओढला. अंधार झाला. डब्याने टक केलं आणि लिफ्टने असा गचका दिला की नारळ गोविंदाच्या पायावर पडला. थांबली. पुन्हा गचका. पुन्हा थांबली. मला तर प्रत्येक गचका पाठच होता. मग वरून जळका वास आला आणि सगळं शांत झालं. समोर भिंत, वरच्या बाजूला जाळीतून हातभर उजेड.

गोविंदा आधी देवाला हाका मारत होता, मग स्वानंदला हाका मारायला लागला, त्या शब्दांत देव नव्हता. मी वेळ बघायला फोन काढला तर तुझं पत्र. गोविंदा म्हणाला, काय लिहिलंय? मी मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तो म्हणाला, नंदाताई, हे आधी नाही का वाचायचं? त्या माणसाने आयुष्यात विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न असेल.

लिफ्टवाल्याने वर जाऊन हाताने चाक फिरवून आम्हाला खाली आणलं. दारात स्वानंद हसत उभा. म्हणतो, किरकोळ सेटिंग आहे, होतं असं. आणि मग सगळ्यांना सांगायला लागला की आमच्या इंजिनिअरने पास केलंय, त्याची सही आहे, आता बघतो मी त्याच्याकडे. मी तोंड उघडणार तेवढ्यात गोविंदाच गरजला. ‘त्या पोराने काल सही परत घेतली, तू त्याला हाकललंस आणि आम्हाला यात बसवलंस!’ जाकिटाची बटणं तुटायची बाकी होती. बॅनरही त्यानेच फाडला, स्वतःच्या फोटोसकट. प्रसादाचा शिरा मात्र कुणी वाया जाऊ दिला नाही.

आता तुझं. सही मागे घेतलीस, बरं केलंस. हे मी लिहिलंय, पुन्हा मागू नकोस. पण पत्र पाठवलंस आणि स्वतः आला नाहीस. वर्तकनगर काही परदेशात नाही. येऊन लिफ्टच्या दारात उभा राहिला असतास तर मी चढले नसते, शांताबाईंच्या देखत नाक घासून मागे फिरले असते. हिंमत होत नाही म्हणे! गचके खायला आत्या, आणि हिंमत नाही तुझ्यात.

नोकरी गेली याचं मला वाईट वाटतंय. ‘जाऊ दे, दुसरी मिळेल’ असलं काही मी म्हणणार नाही. पण तो डबा अजून वर आहे, त्यावर तुझं नाव आहे, आणि कमिटीला खरं तुझ्या तोंडून ऐकायचंय. दादाला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

नंदाआत्या

वर्तकनगर, ठाणे
२८ जानेवारी २०२५

आत्या,

शनिवारी सकाळी येतो. जिन्याने येईन. कमिटीसमोर जे सांगायचं ते सांगतो, आणि डबा मीच उतरवतो. तोवर बॅटरीच्या तारांना कोणाला हात लावू देऊ नको, आत चार्ज असतो.

पप्पांना सांगितलं. नोकरी, सही, सगळं. मला वाटलेलं ओरडतील, कॉलनीत काय तोंड दाखवू म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘नंदा आत होती?’ मी हो म्हटलं. मग ते उठून गॅलरीत गेले. शनिवारी ते पण येतायत माझ्याबरोबर. तुला सांगू नको म्हणालेत.

आत्या, एक विचारतो. तू पत्रात सगळं असं लिहिलंयस की वाटतं तू तिथे मजा बघत उभी होतीस. तुला सगळं आधीच माहीत होतं तरी चढलीस. खरं सांग, घाबरलेलीस का?

संदेश

डोंबिवली पूर्व
२९ जानेवारी २०२५

संदेश,

हो. लिफ्ट पडत नाही, ब्रेक असतो, हे मी स्वतः पोरांना शिकवलंय. त्या अंधारात त्यातलं काही आठवलं नाही. गोविंदाचं जाकीट मी मुठीत घट्ट धरलं होतं आणि त्याला वाटत होतं मी त्यालाच धीर देतेय. आधी तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर तुला मारलं असतं. मग फोन उघडला तर वर तुझं नाव.

तुम्ही दोघं जेवायलाच या. दादाला म्हणावं, मला काही माहीत नाही.

आणि हे कुणाला बोललास तर बघ. तुझं पत्र मी गोविंदाला ऐकवायला मोठ्याने वाचलं नाही. माझा धीर सुटत होता, म्हणून वाचलं.

नंदाआत्या